पुढे अपाचे, मागे टॉमकॅट: तिन्ही नावांवर एकच साइट का उघडते?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. दोन मशीनं आहेत. पुढच्यावर अपाचे, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर, मागच्यावर टॉमकॅट, म्हणजे जावातली वेब अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर, आणि मधे ऑफिसचं अंतर्गत नेटवर्क. टॉमकॅटवर तीन अ‍ॅप्स: वाचनालयाची साइट, पतसंस्थेचं सभासद पोर्टल आणि शाळेच्या प्रवेशांचं अ‍ॅप. वाचनालय रूटवर (म्हणजे पत्त्याच्या मुळाशी, नुसत्या तिरक्या रेघेवर) ठेवलंय, बाकीची दोन आपापल्या मार्गावर. तिघांची डोमेन नावं वेगळी आणि तिन्ही पुढच्या मशीनकडे वळवलेली. मागच्या मशीनचा आयपी, ८०८० हा पोर्ट आणि अ‍ॅपचा मार्ग टाकला की तिन्ही नीट चालतात, पण नावानं गेलं की तिन्हीकडे वाचनालयच उघडतं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून अपाचेच्या फाईलीतल्या पतसंस्थेच्या ब्लॉकमध्ये थेट अ‍ॅपचा मार्ग जोडलात. पोर्टल दिसायला लागलं, पण लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पाहुण्यानं ब्राउझरमध्ये जे नाव आणि जो मार्ग टाकला, तो मागच्या मशीनपर्यंत पोचतच नाहीये. मी अशी जोडणी बरीच वर्षं करतेय, आणि दर वेळी घोडं इथेच पेंड खातं. म्हणून आधी ते नाव कुठे गळतं ते सांगते, मग फाईलीत काय बदलायचं ते.

डीएनएस नावावरून आयपी काढून देतो, तो म्हणजे नुसता वाड्याचा पत्ता. वाड्यात बिऱ्हाडं अनेक, चिठ्ठी कुणाची हे चिठ्ठीवरच्या नावावरून कळतं. ते नाव होस्ट नावाच्या हेडरमधून, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून जातं. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं आणि हे हेडर सक्तीचं झालं. त्याच्या जोरावरच एका आयपीवर शेकडो साइट्स नांदतात. अपाचे हे हेडर वाचतो, प्रत्येक व्हर्च्युअलहोस्टच्या (एका साइटच्या सेटिंगचा ब्लॉक) सर्व्हरनेम आणि सर्व्हरएलियसशी ताडून पाहतो आणि जुळेल तो ब्लॉक वापरतो. इथपर्यंत तुमचं काम बरोबर आहे.

गळती पुढच्या पावलावर होते. अपाचे दारावर चिठ्ठी घेतो, पण ती तशीच आत देत नाही. टॉमकॅटकडे जाताना तो स्वतःच्या हातानं नवी चिठ्ठी लिहितो. तुम्ही प्रॉक्सीपासमध्ये (विनंती मागे कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) मागच्या मशीनचा आयपी आणि ८०८० लिहिलंत, तर नव्या चिठ्ठीवर होस्ट म्हणून तेच येतं: १०.०.०.१२:८०८०. टॉमकॅट आपल्या यादीत या नावाचा होस्ट शोधतो, तो सापडत नाही, मग इंजिन टॅगमधल्या डिफॉल्टहोस्टकडे (नाव जुळलं नाही तर वापरायचा होस्ट) चिठ्ठी देतो. डिफॉल्टहोस्ट म्हणजे लोकलहोस्ट, आणि त्याच्या रूटवर वाचनालय. तिन्ही नावांना वाचनालय दिसतं ते यामुळे.

यावर इलाज दोन ठिकाणी करायचा आणि दोन्हीकडे केला तरच उपयोग. पुढच्या मशीनवर प्रत्येक ब्लॉकमध्ये या तीन ओळी हव्यात (वाचायला सोयीचं म्हणून देवनागरीत लिहितेय, फाईलमध्ये रोमन लिपीतच टाइप करा):

प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन
प्रॉक्सीपास / एचटीटीपी://१०.०.०.१२:८०८०/
प्रॉक्सीपासरिव्हर्स / एचटीटीपी://१०.०.०.१२:८०८०/

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती असली की अपाचे पाहुण्याचं मूळ होस्ट हेडर तसंच पुढे पाठवतो. दुसऱ्या ओळीत शेवटची तिरकी रेघ विसरू नका. डावीकडे रेघ असेल तर उजवीकडेही हवी, नाहीतर पुढचा मार्ग थेट पोर्टच्या आकड्याला चिकटतो आणि अपाचेला पत्ताच कळेनासा होतो. या एका रेघेपायी लोकांच्या रात्री गेलेल्या मी पाहिल्यात. आणि प्रॉक्सीरिक्वेस्ट्स नावाची ओळ कुठून नक्कल करून आणली असेल तर ती ऑफ ठेवा. ऑन केली की तुमचं मशीन जगभरातल्या कुणालाही कुठेही नेऊन सोडणारा उघडा प्रॉक्सी होतं.

मागच्या मशीनवर, सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये, इंजिनच्या आत तीन होस्ट टॅग टाका. प्रत्येकाच्या नेम गुणधर्मात डोमेनचं पूर्ण नाव, अपाचेच्या सर्व्हरनेममध्ये आहे अगदी तेच. तीन डब्ल्यू लावूनही साइट उघडायला हवी असेल तर होस्टच्या आत एलियस टॅगमध्ये ते नाव लिहा. अपाचेत एलियस दिला आणि टॉमकॅटमध्ये विसरलं, तर साध्या नावानं पतसंस्था आणि तीन डब्ल्यूनं वाचनालय असा प्रकार होतो, आणि तो ध्यानात यायला फार वेळ लागतो, कारण ऑफिसातले सगळे साधंच नाव टाकत असतात.

प्रत्येक होस्टला स्वतःचा अ‍ॅपबेस द्या, म्हणजे वेगळा फोल्डर. तिघांना मिळून एकच वेबअ‍ॅप्स फोल्डर दिलात तर तिन्ही होस्ट तीच तिन्ही अ‍ॅप्स आपापल्यासाठी उघडतील. एका प्रोसेसमध्ये नऊ अ‍ॅप्स चालू, मेमरी तिप्पट. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये अ‍ॅपची वॉर फाईल (अख्खं अ‍ॅप बांधलेलं गाठोडं) रूट याच नावानं ठेवा, चारही अक्षरं कॅपिटल. रूट नावाचं अ‍ॅप त्या होस्टच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर उघडतं.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय. एका पतसंस्थेच्या सभासदांना हप्त्याच्या आठवणीचे एसएमएस दोन-दोन यायला लागले. अ‍ॅपमध्ये रोज सकाळी चालणारं एक शेड्यूलर होतं, तेच मेसेज पाठवायचं. आम्ही दोन दिवस एसएमएसच्या बाजूला शोधत बसलो. मग टॉमकॅटचा सुरुवातीचा लॉग शांतपणे वाचला तेव्हा तेच अ‍ॅप डिप्लॉय झाल्याच्या ओळी दोनदा दिसल्या: एकदा नुसत्या रेघेवर, एकदा फोल्डरच्या नावावर. मीच होस्टमध्ये कॉन्टेक्स्ट टॅग (एका अ‍ॅपची नोंद) टाकून डॉकबेस, म्हणजे अ‍ॅपच्या फाईलींची जागा, अ‍ॅपबेसच्या आतल्या फोल्डरकडे दाखवला होता. कॉन्टेक्स्टमुळे ते एकदा उघडलं, आणि अ‍ॅपबेसमधलं सगळं टॉमकॅट आपणहून उघडतो म्हणून दुसऱ्यांदा. त्या दिवसापासून मी सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट लिहीत नाही. रूट नावानं वॉर ठेवते, विषय संपतो. डॉकबेस द्यायचाच झाला तर तो अ‍ॅपबेसच्या बाहेरच्या जागेचा द्या.

आता लॉगिनच्या चकव्याकडे वळू. तुम्ही पतसंस्थेच्या ब्लॉकमध्ये नुसती रेघ मागच्या सभासद मार्गाला जोडलीत. पान आलं, कारण टॉमकॅटला मार्ग बरोबर मिळाला. लॉगिन झाल्यावर टॉमकॅटनं जेसेशनआयडी नावाची कुकी पाठवली आणि तिच्यावर पाथ लिहिला: /सभासद. टॉमकॅटच्या दृष्टीनं अ‍ॅप तिथेच राहतं, त्यामुळे त्याची काही चूक नाही. पण ब्राउझरला हा मार्ग माहीतच नाही, तो नुसत्या रेघेवर उभा आहे. पुढच्या विनंतीत ती कुकी तो परत पाठवत नाही. टॉमकॅटला वाटतं कुणी नवाच माणूस आला, म्हणून तो परत लॉगिनचं पान दाखवतो. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या खणात लॉगिनच्या विनंतीचं उत्तर पाहा, सेट-कुकीच्या ओळीत पाथ दिसेल. मग त्याच्या पुढची विनंती पाहा, तिच्यात कुकीची ओळच नसेल. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कधी विसरणार नाही.

याला प्रॉक्सीपासरिव्हर्सकुकीपाथ नावाचा उतारा आहे, तो कुकीवरचा मार्ग बदलून देतो. साधा प्रॉक्सीपासरिव्हर्स मात्र फक्त लोकेशनसारख्या मोजक्या हेडरांना हात लावतो, कुकीला नाही आणि पानाच्या आतल्या मजकुराला तर नाहीच. म्हणजे कुकी सुधारली तरी पानातल्या दुव्यांमध्ये सभासद मार्ग राहतोच. मग स्टाइलशीट मागायला ब्राउझर त्या मार्गावर जातो, अपाचे त्यापुढे आणखी एक सभासद जोडतो, आणि पान उघडंबोडकं दिसतं. मग लोक पानाचा मजकूर बदलणारं आणखी एक मॉड्यूल घालतात. हे आगीतून फुफाट्यात जाणं आहे. पुढचा मार्ग आणि मागचा मार्ग एकच ठेवा. वरच्यासारखी होस्ट आणि रूटची मांडणी केलीत तर दोन्हीकडे नुसती रेघ येते आणि हा प्रश्न उरत नाही. काही कारणानं अ‍ॅपला मार्ग हवाच असेल तर पुढेही सभासद आणि मागेही सभासद ठेवा, आणि नुसत्या रेघेवर येणाऱ्याला तिकडे वळवा.

अपाचे आणि टॉमकॅट जोडायला एचटीटीपीऐवजी एजेपी हा प्रोटोकॉल वापरू का, किंवा तो बोलणारं मॉड जेके हे अपाचेचं मॉड्यूल वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. जुन्या लेखांमध्ये एजेपीचं फार कौतुक सापडेल, आणि त्याला कारणही होतं. ८००९ पोर्टवरचा हा प्रोटोकॉल मूळ होस्टचं नाव, पाहुण्याचा आयपी आणि पुढचं कनेक्शन सुरक्षित आहे की नाही, हे सगळं आपणहून मागे नेतो. वर मी ज्या गळतीबद्दल लिहिलं ती एजेपीत होत नाही. पण तो समोरच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावानं गाजलेली त्रुटी याच विश्वासातून आली: ज्याला ८००९ पर्यंत पोचता येत होतं, त्याला अ‍ॅपमधल्या फाईली वाचता येत होत्या, अगदी डेटाबेसचे पासवर्ड असलेल्यासुद्धा. ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांपासून टॉमकॅटनं एजेपी मुळातच बंद ठेवला, चालू केला तर तो फक्त त्याच मशीनवर ऐकतो आणि एक गुप्त शब्द मागतो. तुमचा टॉमकॅट दुसऱ्या मशीनवर आहे, म्हणजे जुना लेख वाचून एजेपी चालू केलात तर तो ऐकणारच नाही आणि का ऐकत नाही हे शोधण्यात दिवस जाईल. शिवाय गुप्त शब्द पाठवायची सोय अपाचेच्या मॉड प्रॉक्सी एजेपीमध्ये २.४.४२ पासूनच आहे.

माझं मत स्पष्ट आहे: नवीन जोडणी साध्या एचटीटीपीनं करा. जे हेडर जातं ते कर्लनं (कमांडवरून विनंती पाठवणारं साधन) पाहता येतं, टीसीपीडंपमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक टिपणारं साधन) वाचता येतं, उद्या पुढे अपाचेऐवजी एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आला तरी मागे काही बदलावं लागत नाही. मॉड जेके आधीपासून चालू असेल तर उगाच उपटू नका. फक्त एक ध्यानात ठेवा, जेकेमाउंटच्या ओळी (कुठला मार्ग मागे पाठवायचा ते सांगणाऱ्या) ब्लॉकच्या बाहेर लिहिल्या तर त्या व्हर्च्युअलहोस्टच्या आत आपोआप उतरत नाहीत. एकतर प्रत्येक ब्लॉकमध्ये लिहा किंवा जेकेमाउंटकॉपी ऑन करा.

नावाचं झालं. पण एचटीटीपीनं जोडताना आणखी दोन गोष्टी वाटेत गळतात: पाहुणा एचटीटीपीएसनं आला होता हे, आणि तो कुठून आला हे.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट पुढच्या मशीनवर आहे, अपाचे तिथे कुलूप उघडतो आणि मागे साध्या एचटीटीपीनं जातो. टॉमकॅटला वाटतं पाहुणाच साध्या एचटीटीपीनं आलाय. तुमच्या अ‍ॅपमध्ये सुरक्षित कनेक्शनची सक्ती असेल तर तो म्हणतो एचटीटीपीएसनं ये, ब्राउझर पुन्हा एचटीटीपीएसनंच येतो, अपाचे पुन्हा साध्यानं मागे पाठवतो, आणि शेवटी ब्राउझर कंटाळून सांगतो की वळणं फार झाली. सक्ती वेब डॉट एक्सएमएलमधून (अ‍ॅपची स्वतःची सेटिंग फाईल) असेल तर खूण आणखी सोपी: पत्त्याच्या पट्टीत अचानक ८४४३ दिसतं आणि पान लटकतं. तो आकडा टॉमकॅटच्या कनेक्टरवरच्या, म्हणजे पोर्टवर ऐकणाऱ्या भागावरच्या, रीडायरेक्टपोर्टमधून येतो. ८४४३ दिसलं की समजा, टॉमकॅटला एचटीटीपीएसची खबर मिळालेली नाही.

ती खबर आपणच द्यायची. अपाचेच्या ४४३ च्या ब्लॉकमध्ये रिक्वेस्टहेडर सेट करून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमध्ये एचटीटीपीएस लिहा. मॉड हेडर्स चालू असायला हवं. एक्स-फॉरवर्डेड-फॉर, म्हणजे पाहुण्याचा आयपी, मॉड प्रॉक्सी आपणहून जोडतो. प्रोटो मात्र जोडत नाही. मागे सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह टाका आणि त्यात प्रोटोकॉलहेडर हा गुणधर्म स्वतः लिहा, आवृत्तीच्या भरवशावर सोडू नका. हा व्हॉल्व्ह दोन्ही हेडर वाचतो आणि टॉमकॅटला सांगतो की पाहुणा अमुक आयपीवरून, एचटीटीपीएसनं, ४४३ वर आलाय. कुकीवर सिक्युअरची खूणही मग आपोआप लागते.

व्हॉल्व्ह सगळ्यांवर विश्वास ठेवत नाही, आणि ते चांगलंच आहे. विनंती आणणारा ओळखीच्या अंतर्गत आयपीवरून आला तरच तो हेडर मानतो. दहा डॉटनं सुरू होणारे, १९२.१६८ चे, असे खाजगी पत्ते त्याच्या यादीत मुळातच आहेत. तुमचं पुढचं मशीन अंतर्गत नेटवर्कवरूनच बोलतंय, म्हणून अडचण नाही. उद्या ते मशीन वेगळ्या डेटा सेंटरमध्ये गेलं आणि सार्वजनिक आयपीवरून यायला लागलं, तर तो आयपी इंटर्नलप्रॉक्सीजमध्ये लिहावा लागेल.

पतसंस्थेच्या बाबतीत हे आयपीचं प्रकरण हलक्यात घेऊ नका. अशा पोर्टलात पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला की तो आयपी काही वेळ बंद करायची सोय बहुधा असते. व्हॉल्व्ह नसेल तर टॉमकॅटला सगळे सभासद एकाच आयपीवरून, म्हणजे अपाचेच्या आयपीवरून आलेले दिसतात. एका आजोबांनी पाच वेळा पासवर्ड चुकवला की सगळ्या सभासदांना दार बंद. आणि लेखापरीक्षणात कुणी कुठून लॉगिन केलं असं विचारलं तर यादीभर एकच आयपी. अ‍ॅक्सेसलॉगव्हॉल्व्हमध्ये रिक्वेस्टअ‍ॅट्रिब्यूट्सएनेबल्ड ट्रू केलंत तरच लॉगमध्ये खरा आयपी येतो, नाहीतर व्हॉल्व्ह असूनही लॉग जुनाच आकडा लिहीत राहतो.

हे सगळं हेडरच्या भरवशावर चाललंय, म्हणून मागच्या मशीनचं दार बंद करणं भाग आहे. ८०८० पोर्ट फक्त पुढच्या मशीनच्या आयपीला उघडा ठेवा, बाकी सगळ्यांना फायरवॉलवर अडवा. कनेक्टरवर अ‍ॅड्रेस लिहून त्याला अंतर्गत कार्डावरच ऐकायला लावा. आज ८०८० वर तुम्हाला थेट अ‍ॅप दिसतं याचा आनंद मानू नका, कारण अंतर्गत नेटवर्कवरचा कुठलाही संगणक तिथे जाऊन आपण अमुक आयपीवरून सुरक्षित कनेक्शननं आलोय असं खोटं हेडर देऊ शकतो.

तुम्ही पाठवलेल्या लॉगमध्ये मधेच ५०३, म्हणजे सेवा उपलब्ध नसल्याचा कोड दिसतोय. त्याच्या शेजारी कंसात आकडा असतो, तो वाचा. १११ असेल तर टॉमकॅट बंद आहे किंवा त्या पत्त्यावर ऐकत नाही. १३ असेल आणि पुढे परवानगी नाकारल्याचं लिहिलं असेल, तर रेड हॅट लिनक्स किंवा तिच्या भावंडांवर तो एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचा पहारा आहे. अपाचेनं आपणहून बाहेर कनेक्शन काढणं तिथे मुळातच मना आहे. सेटएसईबूल वापरून एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट चालू करा, कायमचं करायला कॅपिटल पी लावून. बरेच जण इथे एसईलिनक्सच बंद करून मोकळे होतात. सभासदांचे पैसे असलेल्या मशीनवर ते कृपा करून करू नका.

टॉमकॅट रीस्टार्ट केल्यावर तो उठूनही मिनिटभर ५०३ येतो, तेही साधं आहे. एकदा कनेक्शन नाकारलं गेलं की अपाचे ६० सेकंद त्या बाजूला फिरकत नाही. प्रॉक्सीपासच्या ओळीला रिट्राय ५ जोडा, थांबणं कमी होईल.

आणि दिवसातून दोन-चारदा कुठलंही कारण नसताना येणारा ५०२, ज्याच्या लॉगमध्ये मागच्या सर्व्हरकडून पहिली ओळच वाचता आली नाही असं असतं, तो वेगळा. अपाचे मागची कनेक्शनं पुन्हा वापरायला राखून ठेवतो. टॉमकॅटच्या नेहमीच्या फाईलमध्ये कनेक्शनटाइमआउट २०००० असतो, म्हणजे २० सेकंद, आणि कीपअलाइव्हटाइमआउट वेगळा लिहिला नसेल तर तोच लागू होतो. विसाव्या सेकंदाला टॉमकॅट कनेक्शन मिटवतो आणि नेमक्या त्याच क्षणी अपाचे त्यावर नवी विनंती टाकतो. प्रॉक्सीपासला टीटीएल १५ जोडा, म्हणजे टॉमकॅटनं मिटवण्याआधीच अपाचे ते कनेक्शन सोडून देईल. दुपारी वर्दळ कमी असताना हे जास्त घडतं, त्यामुळे लोडचा संशय घेऊन लोक उगाच मेमरी वाढवत बसतात.

लोडचा प्रश्न आहे तो वेगळ्या ठिकाणी. टॉमकॅटचे मूळचे कामकरी धागे (थ्रेड, प्रत्येक जण एका वेळी एक विनंती हाताळतो) २००, तिन्ही अ‍ॅप्समध्ये मिळून. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी शाळेचं अ‍ॅप एखाद्या हळू क्वेरीवर अडकलं तर २०० च्या २०० धागे तिथे उभे राहतील, आणि वाचनालयच काय, पतसंस्थाही थांबेल. शिवाय शाळेच्या अ‍ॅपची नवीन आवृत्ती चढवायला टॉमकॅट रीस्टार्ट केला की पतसंस्थेतले चालू व्यवहार तुटतात. म्हणून पतसंस्थेला तरी स्वतंत्र टॉमकॅट द्या. मशीन तेच चालेल, कॅटालिनाबेस (त्या टॉमकॅटच्या सेटिंगांचा आणि अ‍ॅप्सचा फोल्डर) वेगळा, पोर्ट ८०८१, शटडाउनचा ८००५ बदलून ८००६. अपाचेच्या त्या एका ब्लॉकमध्ये फक्त आकडा बदलतो. होस्ट टॅग तिथेही पूर्ण नावानं ठेवा आणि प्रिझर्व्हहोस्ट चालूच असू द्या, कारण अ‍ॅप ईमेलमध्ये जे दुवे पाठवतं ते याच नावावरून तयार करतं.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं असेल तर अजून एक काळजी. ते ९० दिवस चालतं आणि नूतनीकरणाच्या वेळी तपासणीसाठी डॉट-वेल-नोनखालच्या अ‍ॅक्मी-चॅलेंज या मार्गावर एक फाईल मागितली जाते. तुमची प्रॉक्सीपासची ओळ सगळंच मागे पाठवते, टॉमकॅटकडे ती फाईल नसते, तो ४०४ देतो. पहिलं सर्टिफिकेट प्रॉक्सी लावण्याआधी घेतलेलं असतं म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि तीन महिन्यांनी सकाळी साइट धोक्याचं लाल पान दाखवते. त्या मार्गासाठी वेगळी प्रॉक्सीपासची ओळ लिहा, पत्त्याच्या जागी नुसतं उद्गारचिन्ह. ही ओळ मुख्य ओळीच्या वरच हवी, कारण अपाचे वरून खाली वाचतो आणि पहिली जुळली की थांबतो.

वाचनालयाला डॉट-भारत शेवट असलेलं देवनागरी नाव घ्यायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. २०१४ पासून ही नावं मिळतात, जरूर घ्या. पण ब्राउझर होस्ट हेडरमध्ये देवनागरी पाठवत नाही, त्याचं रोमन अक्षरांतलं पुनीकोड रूप पाठवतो, जे एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. सर्व्हरनेममध्ये, टॉमकॅटच्या होस्टमध्ये आणि सर्टिफिकेटमध्येही तेच रूप लिहा. देवनागरी लिहिलंत तर काहीच जुळणार नाही आणि पाहुणा पहिल्या ब्लॉकमध्ये जाऊन पडेल.

त्या पहिल्या ब्लॉकबद्दलही सांगते. अनोळखी नावानं किंवा नुसत्या आयपीनं आलेला माणूस अपाचेच्या यादीतल्या पहिल्या ब्लॉककडे जातो, आणि फाईली नावाच्या अक्षरक्रमानं वाचल्या जातात. तुमच्याकडे पतसंस्थेची फाईल आधी लागत असेल तर वाट चुकलेला प्रत्येक जण तिथे उतरेल. तीन शून्यांनी सुरू होणारी एक फाईल करा, त्यात कुठलंही प्रॉक्सी नसलेला, सगळ्याला नकार देणारा ब्लॉक ठेवा. ८० साठी एक, ४४३ साठी एक.

बदल केल्यावर रीलोडआधी कॉन्फिगटेस्ट चालवा, मग एचटीटीपीडीला कॅपिटल एस लावून विचारा. तो कुठल्या पोर्टवर कुठलं नाव, कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीवर, आणि डिफॉल्ट कोण, हे सगळं छापतो. त्यानंतर तपासणी मागून पुढे करा. आधी पुढच्या मशीनवर बसून कर्लनं १०.०.०.१२:८०८० ला विनंती पाठवा, होस्ट हेडर हातानं देऊन, तिन्ही नावांनी एकेकदा. तिन्हीकडे वेगळं पान आलं तर टॉमकॅटची बाजू झाली, आता चूक उरली असेल तर ती अपाचेतच शोधा. नाही आलं तर अपाचेला हात लावू नका, होस्ट टॅगमधलं स्पेलिंग पाहा.

शेवटी प्रत्येक रूटमध्ये एक छोटं जेएसपी पान टाका, पाच ओळींचं: गेटसर्व्हरनेम, गेटसर्व्हरपोर्ट, गेटस्कीम, इजसिक्युअर आणि गेटरिमोटअ‍ॅडर. ते तुमच्या मोबाइलवरून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडा. साइटचं पूर्ण नाव, ४४३, एचटीटीपीएस, ट्रू आणि मोबाइलचा सार्वजनिक आयपी दिसला पाहिजे. नावाच्या जागी १०.०.०.१२ दिसलं तर प्रिझर्व्हहोस्ट लागलेलं नाही. स्कीम एचटीटीपी आली तर प्रोटो हेडर किंवा व्हॉल्व्ह राहिलाय. स्कीम बरोबर आणि आयपी मात्र अपाचेचाच आला, तर व्हॉल्व्हमधलं रिमोटआयपीहेडर पाहा. तिन्ही साइट्सवर पाचही ओळी बरोबर आल्या की ते पान तिन्ही ठिकाणांहून काढून टाका, आणि काढल्यावर ते नावानं मागून ४०४ येतोय ना, हे तपासा.